फाळक्यावरची विनंती

अजितकुमार मगदूम यांना हॉर्नची किळस होती. राग म्हणता येणार नाही, कारण राग कधीतरी उतरतो. ताटात झुरळ दिसलं की माणूस जसा पाट मागे सरकवतो, तसे ते हॉर्न ऐकला की खुर्ची मागे सरकवत. त्यांचं घर उजळाईवाडीला महामार्गाच्या कडेलाच असल्यामुळे पंचवीस वर्षांत त्यांच्या हॉलमधल्या खुर्च्यांनी फरशीवर चर पाडले होते.

दुर्दैवाने त्यांचा धंदा ट्रकचा होता. वडिलांनी मागे दोन गाड्या ठेवल्या होत्या. राज्यशास्त्र घेऊन एम.ए. झालेल्या अजितकुमारांनी तरुणपणी एक वर्ष कॉलेजात नागरिकांची कर्तव्ये हा विषय शिकवला होता. वडील गेले तेव्हा कर्तव्ये अर्धवट टाकून ते गूळ वाहायला लागले. पण विषय डोक्यातून गेला नाही. माणसाला नीट शब्दांत, कारण देऊन सांगितलं तर तो ऐकतो, असं ते अजूनही मानत. घरात हे मत त्यांच्या एकट्याचंच होतं.

महामार्गावर त्यांनी सगळं बघून ठेवलं होतं. सिग्नल लाल असताना लोक हॉर्न वाजवतात, जणू दिव्याला लाज वाटून तो हिरवा होणार आहे. रेल्वेचं फाटक बंद असलं की फाटकाला वाजवतात. म्हशीला वाजवतात आणि म्हैस ढिम्म उभी राहते. त्या सगळ्या प्रसंगांत अब्रूने वागणारी ती एकटीच. एकदा तर अजितकुमार एका अंत्ययात्रेत चालत असताना मागून जीप आली आणि तिने प्रेताला बाजू मागितली. खांदेकरी बाजूला झाले. कोणाला काही वाटलं नाही. जीपवाला जाताना हात जोडून गेला, म्हणजे माणूस धार्मिक होता.

आणि या सगळ्याला आमंत्रण कोण देतं, तर ट्रक. प्रत्येक ट्रकच्या फाळक्यावर मोठ्या अक्षरांत 'हॉर्न ओके प्लीज'. त्याच्या वर कमळं, खाली गरुड आणि मध्ये मालकाच्या बुद्धीप्रमाणे मजकूर. 'जळू नका, डिझेलवर चालते.' 'हळू चालवा, घरी सासू वाट बघते.' अजितकुमारांच्या स्वतःच्या गाडीवर वडिलांच्या वेळेपासून 'वाजवा पण प्रेमानं' असं होतं. लोकांनी त्यातला पहिला शब्द तेवढा घेतला होता.

यंदा गाडी रंगवायला काढली, तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं.

"मागं काय लिवू?" दस्तगीर पेंटरने विचारलं. शिरोलीतल्या निम्म्या गाड्यांचे गरुड त्याच्या हातचे.

अजितकुमारांनी सांगितलं. दस्तगीरने ब्रश डब्यात बुडवला होता, तो तसाच राहू दिला.

"मालक, लोक हसत्याल."

"हसू देत."

"हसलं तर बरंच म्हणायचं. वाजीवत्याल." दस्तगीरने मान हलवली. "आन् हॉर्न ओके न्हाई म्हंजे गाडी कशी दिसंल सांगू? मिशी काढल्याल्या फौजदारागत."

"कमळं नकोत, गरुड नको. निळ्यावर पांढरी अक्षरं. स्वच्छ."

शेवटी फाळक्यावर उमटलं: 'कृपया हॉर्न वाजवू नका. आपण क्षणभर थांबलात तर काही बिघडत नाही.' अजितकुमार चहाला गेले तेवढ्यात दस्तगीरने दोन्ही बाजूंना एकेक मोर काढला. एवढी मोठी गाडी पोरकी दिसायला लागली म्हणून काढला, पैसे नकोत, म्हणाला.

गाडीचा ड्रायव्हर बाबासो चौगुले. हा माणूस दारू पीत नव्हता, डिझेल विकत नव्हता, आणि त्याच्या गाडीतून निघालेल्या गुळाच्या ढेपा तितक्याच्या तितक्या पुण्याला पोहोचत. ट्रकच्या धंद्यात अशा माणसाला देवघरात ठेवतात. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर दिवाळीला गावी गेला तो गेलाच, आणि ती गाडी आवारात उभी राहून तिच्या चाकांतून गवत वर आलं होतं. बाबासो गेला असता तर मगदूम ट्रान्सपोर्ट या नावाखाली फक्त गवतच राहिलं असतं. हे अजितकुमारांना ठाऊक होतं, बाबासोला ठाऊक होतं, आणि दोघंही त्याबद्दल कधी बोलत नसत.

रंगवलेली गाडी घेऊन बाबासोने चार-पाच खेपा केल्या आणि एका सकाळी तो किल्ली हातात घेऊन पायरीशी उभा राहिला.

"मालक, येक तर ती पाटी ऱ्हाईल, न्हाईतर मी."

"काय झालं?"

"काय झालं? शिरोलीपासनं कराडपत्तोर येक गडी माज्या मागं वाजीवत आला. म्होरं जायला जागा दिली, तरी जाईना. मी हळू केली, त्यानंबी हळू केली. शेवटी मी थांबलो, तर त्योबी थांबला. उतरून इचारलं, बाबा, काय पायजे तुला? म्हंतोय, काय न्हाई, वाचून वाजीवतोय."

बाबासोने किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"धाब्यावर मला काय म्हणत्यात म्हाईत हाय का? कृपया! 'ए कृपया, च्या घेणार का?' 'कृपया आला रं, खाट सोडा.' ईस वर्सं माझं नाव बाबासो चौगुले हुतं."

"लोकांना नवीन आहे म्हणून. होईल सवय."

"त्येंची हुईल. माझं काय? डोस्कं आसं भणभणतंय, जेवताना घास तोंडात घातला तरी कानात पोंगा वाजतोय." त्याने किल्ली कठड्यावर ठेवली. हातातून सोडली मात्र नाही. "गडहिंग्लजचा येक शेट बलीवतोय मला. त्येच्या गाडीवर नुसता गणपती हाय."

अजितकुमारांनी किल्लीकडे पाहिलं आणि मग आवारातल्या गवताकडे.

"या खेपेला मी येतो तुझ्याबरोबर. स्वतः बघतो. तू म्हणतोस तसं असेल, तर परत आल्यावर तू सांगशील ते."

"चला की," बाबासो म्हणाला. "उशी घ्या बसायला."

दुसऱ्या दिवशी गूळ भरून ते निघाले. क्लीनरच्या जागेवर उशी टाकून अजितकुमार बसले. ट्रकच्या केबिनमधून जग खाली आणि किरकोळ दिसतं. त्यांना ते आवडलं. काचेवर भैरोबाचा फोटो, त्याला प्लास्टिकचा हार, हाराला लिंबू-मिरची. डावीकडचा आरसा मिटून आत वळवलेला होता आणि त्यावर बाबासोचा टॉवेल वाळत घातला होता.

"आरसा बंद कशाला?"

"उघडा ठेवला तर येस्ट्या ठोकून जात्यात."

"मग मागचं कसं दिसतं तुला?"

बाबासोने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी मासा पाण्यात कसा राहतो असं विचारलं होतं. "मी मागं बघत बसलो तर म्होरं कोन बघनार? मागच्याला गरज आसंल तर त्यो वाजवंल की."

अजितकुमारांना हे उत्तर गावठी वाटलं. ते टॉवेलकडे पाहून हसले आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले.

शिरोली सुटली न सुटली तोच सुरुवात झाली. आधी एक पांढरी गाडी, तिच्या मागच्या काचेवर कुठल्या तरी पक्षाचं चिन्ह. ती मागे येऊन वाचेपर्यंत शांत होती. मग तिने एकदा वाजवला, प्रयोग म्हणून. मग दोनदा. मग बाजूला येऊन, खिडकीतून चार हसरी तोंडं बाहेर काढून, वडगावपर्यंत. नंतर शाळेची बस आली. तिच्यातल्या पोरांनी मजकूर मोठ्याने, तालात वाचला आणि "काका, वाजवा! काका, वाजवा!" म्हणून गिल्ला केला. काकांनी वाजवला. बसवर मागे 'विद्या विनयेन शोभते' लिहिलं होतं.

एका लग्नाच्या गाडीने तर सनईची धून असलेला हॉर्न लावला होता. नवरा फेट्यासकट झोपला होता, नवरी कानावर हात ठेवून बसली होती. लग्नाचा पहिला दिवस.

किणी टोलनाक्याच्या रांगेत शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी काच खाली केली. पन्नाशीचे, कपाळाला गंध, मागच्या सीटवर बायको आणि लोणच्याची बरणी.

"मालक तुम्हीच काय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुम्ही कोण सांगणारे हो? हॉर्न माझा, बॅटरी माझी."

"कान मात्र सगळ्यांचे आहेत," अजितकुमार म्हणाले. हे वाक्य त्यांनी फार वर्षांपूर्वीच तयार करून ठेवलं होतं.

गृहस्थांनी त्यावर विचार केला. मग स्टिअरिंगच्या मधोमध तळहात ठेवला आणि रांग पुढे सरकेपर्यंत उचलला नाही. पुढे टोलवर बारा गाड्या उभ्या होत्या. उडून जाणं कोणालाच शक्य नव्हतं. बायको मोबाइलमध्ये बघत राहिली. तिला बहुधा हा आवाज घरचाच वाटत असावा.

"बगीतलंसा?" बाबासो म्हणाला. त्याच्या आवाजात खुशी होती. माणसाला आपलं दुःख मालकाने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं फार बरं वाटतं.

अजितकुमार उशीसकट मागे सरकले. ही माणसं वाईट असती तर एक वेळ चाललं असतं. पण ती घरी जाऊन मुलांना गणित शिकवणार होती, आईच्या गोळ्या आणणार होती. फक्त रस्त्यावर आली की त्यांचं सगळं माणूसपण अंगठ्यात उतरत होतं आणि तो अंगठा कुठे तरी टेकवल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं.

कासेगावच्या पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. डांबराचे रिकामे पिंप लावून रस्ता कधी उजवीकडे, कधी डावीकडे वळवला होता. गाड्या पांगल्या. बाबासो उजव्या अंगाने चालला होता. आणि अचानक मागे काहीच वाजेना.

अजितकुमारांनी आधी स्वतःच्या कानांवर शंका घेतली. मग खिडकीतून डोकं काढून मागे पाहिलं. ट्रकच्या मागे एक स्कूटर होती. तिच्यावर एक बारीक माणूस, डोक्याला हेल्मेट, हेल्मेटचा पट्टासुद्धा लावलेला. तो शांतपणे अंतर ठेवून येत होता. फाळक्याकडे बघत होता. वाचत होता.

"बाबासो," अजितकुमार डोकं आत घेऊन हळूच म्हणाले, "एक भेटला बघ."

"कोन?"

"वाचणारा. वाजवत नाहीये."

"हाय व्हय कोन मागं?" बाबासो म्हणाला. तेवढ्यात समोर एक पिंप रस्त्यात लवंडलेलं दिसलं आणि त्याने गाडी डावीकडे घेतली.

आवाज मोठा नव्हता. पायाखाली खोका चेपावा तसा. नंतर पत्रा घासल्याचा, आणि मग ब्रेक.

अजितकुमार खाली उतरले तेव्हा स्कूटर आडवी होती आणि तिचा डावा सिग्नल लुकलुकत होता. माणूस रस्त्याच्या कडेला बसला होता. त्याचा एक पाय गुडघ्याखाली ज्या दिशेला वळायला नको त्या दिशेला वळला होता. हेल्मेटची काच वर करून तो अजितकुमारांकडे पाहत होता.

"मी डावीकडून निघत होतो," तो म्हणाला. "सिग्नल दिला होता."

"हलू नका. नाव काय आपलं?"

"सुतके. नंदकुमार सुतके. पोस्टात आहे." त्याने ओठ घट्ट मिटले, मग उघडले. "मी वाजवणार होतो. पण आपण लिहिलंय ना."

पलीकडे उसाच्या रसाचं दुकान होतं. तिथली माणसं ग्लास खाली ठेवून धावत आली. त्यांच्या मागून शेतातली, त्यांच्या मागून मोटरसायकलींवरची. कोणी तरी केबिनचं दार उघडलं आणि बाबासोला गळपट्टी धरून खाली ओढलं. वीस वर्षांत एका ढेपेलाही धक्का न लावलेला माणूस डांबरावर गुडघ्यांवर आला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"हाणा त्येला!"

"पिऊन चालीवतोय!"

"प्यायलेला नाही तो!" अजितकुमार ओरडले. "दारूला शिवत नाही!"

"तुमी कोन?"

"मालक."

"मग तुमालाबी हाणतो, थांबा."

एकाच्या हातात दगड होता. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाला, पुढे अपघात झालाय हे दिसत असूनही, आपण हॉर्न वाजवला तर अपघात मिटेल असं वाटत होतं. त्या कल्लोळात एका पांढऱ्या टोपीच्या म्हाताऱ्याने हात वर केला. गावात त्याचा शब्द चालत असावा, कारण दगडवाला थांबला.

"आदी इचारा तरी," म्हातारा म्हणाला. मग सुतक्यांपुढे उकिडवा बसला. "पावनं, हॉर्न दिल्ता का न्हाई?"

"नाही," सुतके म्हणाले.

"का?"

"मागे लिहिलंय. कृपया वाजवू नका."

दोघं-तिघं ट्रकच्या मागे गेले, वाचून परत आले.

"लिवलंय खरं," एक जण म्हणाला. "दोन मोरबी हायत."

"लिवलंय म्हणून वाजीवला न्हाईस?" दगडवाला सुतक्यांवर वाकला. त्याच्या तोंडावरचा राग पातळ व्हायला लागला होता आणि त्या जागी आश्चर्य येत होतं. "आरं, माज्या टेंपोवर 'पुन्हा भेटू' लिवलंय. म्हणून काय भेटतो व्हय मी कुनाला?"

कोणी तरी हसलं. मग बरेच हसले. बाबासोच्या गळपट्टीवरचा हात सैल झाला.

"न वाजीवता ट्रकच्या अंगावनं जायाचं म्हंजे काय मस्करी हाय का? त्या बिचाऱ्याला कळनार कसं?"

"डायवरला काय पाठीला डोळं हायत?"

"शिकल्याली मानसं! डोक्याला टोपडं घालत्यात आन् हॉर्न मारत न्हाईत."

"आमचा दाजी आसाच. इंडिकेटर देतोय."

सुतके एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. पाय दुखत असणारच. पण त्यांच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा गोंधळ जास्त होता. मग त्यांची नजर अजितकुमारांवर येऊन थांबली. तिथे ती टिकली. ज्याने लिहिलं तो समोर उभा होता. तो आता सांगेल.

"मालक," पांढऱ्या टोपीचा म्हातारा म्हणाला, "तुमी शानंसुर्तं दिसताय. तुमीच सांगा. चूक कुनाची? ह्येनं हॉर्न द्यायला पायजे हुता का न्हाई?"

केबिनच्या डाव्या अंगाला आरसा मिटलेला होता. त्यावरचा टॉवेल वाऱ्याने हलत होता. आरसा कोणी पाहिला नव्हता. कोणी पाहणारही नव्हतं, कारण तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांचे आरसे तसेच होते. पण अजितकुमारांनी बोट दाखवलं असतं तर सगळ्यांनी पाहिला असता. दगड अजून त्या माणसाच्या हातात होता. आणि दगड चुकला तरी पोलीस होते, कोर्ट होतं, बाबासोचं लायसन होतं, आवारातलं गवत होतं.

बाबासो गुडघ्यांवरून त्यांच्याकडे बघत होता. सुतके बसल्या जागेवरून बघत होते.

"हो," अजितकुमार म्हणाले. "द्यायला हवा होता."

आवाज बरोबर आला नाही असं वाटून त्यांनी घसा साफ केला.

"ट्रक मोठा असतो. ड्रायव्हरला कळत नाही. आपण थोडा तरी वाजवायला हवा होता."

"हां!" गर्दी म्हणाली.

सुतक्यांनी मान डोलावली. वर्गात चुकलेलं उत्तर समजल्यावर हुशार मुलगा डोलावतो, तशी.

"माझ्या लक्षात नाही आलं," ते म्हणाले. "सॉरी. आपल्याला त्रास झाला."

पुढचं सगळं सुरळीत झालं. ज्याने बाबासोची गळपट्टी धरली होती त्यानेच त्याच्या पँटची धूळ झटकली. रसवाल्याने त्याला रस दिला, आलं घालून. ॲम्ब्युलन्स आली, तिचा भोंगा बराच वेळ दुरूनच ऐकू येत होता, कारण रांगेतल्या गाड्यांनी त्या भोंग्याला आपल्यातलाच एक समजून उत्तरं दिली, जागा दिली नाही. सुतक्यांना उचलताना ते एकदाच ओरडले आणि लगेच आजूबाजूला पाहून शरमले. हवालदाराने सगळ्यांना विचारलं, सगळ्यांनी एकच सांगितलं. तो वहीत लिहिता लिहिता म्हणाला, "आजकाल लोकांना रस्त्यावर कसं वागावं ह्येचं ज्ञानच ऱ्हायलं न्हाई." अजितकुमारांनी मालक म्हणून सही केली.

कराडच्या अलीकडे बाबासोने गाडी धाब्यावर घेतली. तिथल्या खाटांवर आधीच पाच-सहा ड्रायव्हर बसले होते.

"आला रं, कृपया आला!"

"गप," बाबासो म्हणाला. "मालक हायत संगट." आणि त्याने खाटेवर मांडी घालून सगळं सांगितलं. पिंप, स्कूटर, दगड. दगड तोवर गुळाच्या ढेपेएवढा झाला होता. "आन् मालक कसं बोललं! समद्या गावाम्होरं. द्यायला हवा हुता, म्हनलं. संपला विषय. दुसरा आसता तर पळाला आसता गाडी टाकून." तो अजितकुमारांकडे वळला. त्याचे डोळे ओले होते. "गडहिंग्लजला जातोय कशाला मी. मरस्तवर तुमच्याच गाडीवर. पाटीबी ऱ्हाऊ द्या तुमची, माझं काय म्हननं न्हाई."

ड्रायव्हरांनी अजितकुमारांकडे आदराने पाहिलं. एकाने उठून त्यांना पंख्याखालची खाट दिली.

"खरंच न्हाई वाजीवला त्यानं?" धाबेवाल्याने ताट ठेवता ठेवता विचारलं. "येकदाबी?"

"नाही," अजितकुमार म्हणाले.

"आसली मानसं रस्त्यावर येत्यात कशाला," धाबेवाला म्हणाला.

समोर महामार्गावर काही कारण नसताना एक ट्रक लांबलचक पोंगा वाजवत गेला. अजितकुमार जागचे हलले नाहीत. मटकीची उसळ तिखट होती. भाकरी गरम होती. त्यांनी कांदा बुक्कीने फोडून घेतला आणि ते जेवायला लागले.